बालविकासाची तत्त्वे : आईच्या पोटापासून पहिलीच्या वर्गापर्यंत



बी.ए.ला मानसशास्त्र हा माझा एक विषय होता. 'बालविकासाची तत्त्वे स्पष्ट करा' हा दहा गुणांचा प्रश्न परीक्षेत हमखास येईल म्हणून मी त्याचे उत्तर पाठ करून ठेवले होते. विकास अखंड चालतो. त्याला ठरावीक क्रम असतो. वेग मात्र प्रत्येकाचा निराळा असतो. तो डोक्याकडून पायाकडे व शरीराच्या मध्याकडून टोकाकडे होतो. सामान्याकडून विशिष्टाकडे जातो. आणि तो आनुवंशिकता व परिस्थिती या दोहोंवर अवलंबून असतो. उत्तर लिहिले, गुण मिळाले, विषय संपला. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झाले, घरात पाळणा हलण्याची वेळ आली, तेव्हा त्या पाठ केलेल्या उत्तरातील एक ओळही मी घरात वापरली नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहा असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. या वेळी उत्तर गुणांसाठी लिहायचे नाही.

प्रथम वाढ आणि विकास यांतील भेद लक्षात घेऊ. वाढ मोजता येते. वजन काट्यावर कळते, उंची पट्टीने कळते. विकास म्हणजे नवी क्षमता येणे. बाळाचे पाय लांब होणे ही वाढ, आणि त्या पायांवर त्याला उभे राहता येणे हा विकास. दोन्ही बरोबरीने चालतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. मूल गुटगुटीत आहे एवढ्यावर आजी-आजोबा खूश असतात; ते हाकेला वळून पाहते का, हे कोणी पाहत नाही.

विकास सुरू कोठून होतो?

आपण मुलाचे वय जन्मतारखेपासून मोजतो. खरे पाहता जन्माच्या दिवशी त्याचा विकास सुमारे ३८ आठवडे जुना झालेला असतो. ज्या नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल मेंदूचे किंवा मणक्याचे व्यंग घेऊन जन्मते. आता विचार करा, या २८ दिवसांत बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. नळी नीट मिटण्यासाठी फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व लागते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव नोंदवून गोळी सुरू केली, तर ती इतर कामांना उपयोगी पडते, पण या कामाची वेळ टळून गेलेली असते. म्हणून मूल होऊ देण्याचा विचार ठरताच ही गोळी सुरू करावी असे डॉक्टर सांगतात. रुखवतात आपण स्टीलच्या भांड्यांची उतरंड मांडतो; चार रुपयांची ही गोळी मात्र कोणाच्या यादीत नसते.

'डोक्याकडून पायाकडे' हे तत्त्व पोटातच दिसू लागते. दोन महिन्यांच्या गर्भात डोके जवळजवळ निम्म्या लांबीचे असते, जन्मताना ते एक-चतुर्थांश असते आणि मोठ्या माणसात एक-अष्टमांश. आपला बाळापूरचा किल्ला पायापासून वर चढत गेला. बाळाची बांधणी वरून खाली येते.

सहाव्या महिन्याच्या सुमारास गर्भाला ऐकू येऊ लागते, आणि जन्मलेले बाळ आईचा आवाज ओळखते हे प्रयोगांनी दिसून आले आहे. यावरून कोणी अभिमन्यूची गोष्ट खरी मानू नये. गर्भ आवाज ऐकतो, अर्थ समजत नाही. शहरांतून गर्भसंस्काराचे वर्ग हजारो रुपये फी घेऊन चालतात. तेवढ्या पैशांत त्या बाईला नऊ महिने दूध आणि फळे देता येतील, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या मताला आधार आपल्याच महाराष्ट्रातील संशोधनाचा आहे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला आणि जन्मलेल्या मुलांचा मागोवा पुढे अनेक वर्षे घेतला. या मुलांचे जन्मवजन सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास होते. इंग्लंडमधील मुलांचे साडेतीन किलोच्या आसपास. बाळे बारीक होती, स्नायू कमी होते, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा मुलांना पुढे मोठेपणी मधुमेहाचा धोका जास्त असतो. म्हणजे चाळिशीत बँकेच्या खुर्चीवर बसून आपण जी साखर तपासून घेतो, तिचे एक मूळ आपल्या आईच्या गरोदरपणातील ताटात असू शकते! याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. ज्या स्त्रियांच्या आहारात पालेभाज्या, दूध व फळे वारंवार होती, त्यांची बाळे वजनाने चांगली भरली. आणि ज्यांच्यावर शेतकामाचा व घरकामाचा भार जास्त होता, त्यांची बाळे लहान जन्मली. पालेभाजी आपल्या वऱ्हाडात काही दुर्मीळ नाही. मेथी, चवळी, अंबाडी, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात घोळ आणि चिवळ. शेवग्याचे झाड तर कितीतरी अंगणांत आहे. अडचण भाजीची नाही, वाढण्याच्या क्रमाची आहे. घरातील बाई शेवटी जेवते, आणि तेव्हा भाजीचे भांडे पुसलेले असते.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. माझी थोरली मुलगी जन्मली तेव्हा तिचे वजन १ किलो ९०० ग्रॅम होते. पत्नीचे रक्त कमी होते हे सातव्या महिन्यात कळले होते. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून तिने त्या कपाटावर ठेवून दिल्या, आणि मी विचारले नाही. त्याच महिन्यात होणाऱ्या बाळाच्या भविष्यासाठी म्हणून मी विम्याचे पैसे बाजूला काढत होतो. जेवायला मी आधी बसत होतो. घरातील वडीलधाऱ्या बाया सांगत, कमी खा, मूल पोटात मोठे झाले तर बाळंतपणात अडेल. मानसशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाने हे ऐकले आणि मान डोलावली. मुलगी जगली, आज अकरावीत आहे, हुशार आहे. पण पहिला महिनाभर तिला छातीशी धरून बसलेल्या पत्नीचा चेहरा मला अजून आठवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील गरोदर स्त्रियांपैकी ४५.७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालील १०० मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हे आकडे वाचले की आपले घर त्या आकड्यात होते हे कळते.

विश्रांतीच्या प्रश्नाचा एक इतिहास आपल्या वाचकांना माहीत असला पाहिजे. मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला; देशातील तो अशा प्रकारचा पहिला कायदा. १९६१ मध्ये सर्व देशासाठी कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. आमच्या बँकेतील भगिनींना ती मिळते. पण कापूस वेचणाऱ्या बाईला रजा कोण देणार? २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आईच्या खात्यात जमा होतात, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. हप्ता आला का, हे विचारायला बाया माझ्या काउंटरवर येतात. एकदा दिवाळीनंतर एक जण आली होती. पोट चांगले दिसत होते, हाताची बोटे बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेली होती. पासबुक भरून देताना मी विचारले, अजून कामावर जाता का? ती म्हणाली, "नववा लागला भाऊ, पण वेचणीले त जा लागते न." हप्ता आलेला नव्हता. पासबुक परत देण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हते. १९२८ साली सभागृहात जो प्रश्न मांडला गेला, तो शेतात अजून तसाच उभा आहे. फवारणी झालेल्या शेतात तर गरोदर बाईने पाऊलही टाकू नये. निदान एवढे तरी आपण आपापल्या घरी पाळू शकतो.

जन्म आणि पहिले महिने

याविषयी थोडक्यात सांगतो, कारण आशाताई हे घरोघर सांगतच असतात. बाळाला पहिल्या तासात अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नये, रोगप्रतिकाराची शक्ती त्यातच असते. मध, गुटी, गुळाचे पाणी यांतील काहीही देऊ नये. सहा महिने आईचे दूधच, आणि त्यानंतर मऊ वरणभात, कुस्करलेले केळे, अंडे असा वरचा आहार. नीट पोसलेल्या बाळाचे जन्मवजन पाच महिन्यांत दुप्पट व वर्षात तिप्पट होते.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बाळाला ऊब देणे, दूध पाजण्यास मदत करणे, श्वास व जंतुदोष ओळखणे आणि वेळीच औषध देणे अशी ती कामे होती. त्या गावांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू हजारी ६२ वरून तीन वर्षांत सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवस फेऱ्या घालतात, त्यामागे हे काम आहे. तेव्हा ती दारात आली की "सगळं ठीक आहे" म्हणून तिला परत पाठवू नये.

क्रम ठरलेला, वेग वेगळा

आता मुख्य तत्त्वाकडे येऊ. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते, सहा ते आठ महिन्यांत बसते, मग उभे राहते, आणि वर्ष ते सव्वा वर्षाच्या सुमारास चालते. मान, पाठ, कंबर, पाय हा क्रम बाळापूरच्या मुलाचा आणि जपानच्या मुलाचा एकच असतो. कोणी दहाव्या महिन्यात चालते, कोणी पंधराव्या. आधी चालणारे जास्त हुशार निघते असे काही नाही.

हातांचेही असेच आहे. आधी खांद्यापासून सगळा हात हलतो, मग कोपर, मग पंजा. नवव्या-दहाव्या महिन्यात अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत बाळ फुटाणा उचलते (आणि तोंडात घालते, तेव्हा फुटाणे आवरून ठेवा). तिसऱ्या वर्षी मूल गोल काढते, चौथ्याच्या पुढे चौकोन, पाचव्याच्या सुमारास त्रिकोण. याला कारण आहे. जन्माच्या वेळी मनगटाची आठही हाडे कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्यांतील साधारण तीनच हाडांत कठीणपणा यायला सुरुवात झालेली असते.

हे मला माहीत नव्हते. धाकटा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा एका इंग्रजी शाळेत मुलाखतीसाठी नेण्याचे ठरले. पूर्ण एबीसीडी लिहिता आली पाहिजे असे तेथे सांगितले गेले. रोज बँकेतून आल्यावर मी त्याला पाटावर बसवून पेन्सिल धरायला लावी. त्याचे 'बी' उलटे येई. मी त्याच्या बोटांवर पट्टी मारली आहे. दोन-तीनदा नाही, दोन-तीन महिने. परिणाम असा झाला की मी घरात शिरलो की तो आजीच्या मागे लपायचा. प्रवेश मिळाला. सहाव्या वर्षी त्याच्याबरोबरीची अंगणवाडीतील मुले, ज्यांनी तोवर नुसते चिंचोके मांडले होते आणि माती मळली होती, दोन महिन्यांत अक्षरे गिरवू लागली. अक्षर त्यांचे चांगले आहे. याचे आजही वह्या रंगवायच्या म्हटल्या की तोंड उतरते.

१९२९ साली अमेरिकेत गेसेल आणि थॉम्पसन यांनी जुळ्या बहिणींवर एक प्रयोग केला होता. एकीला ४६ आठवड्यांची असल्यापासून सहा आठवडे रोज जिना चढायला शिकवले, दुसरीला मुद्दाम शिकवले नाही. दुसरीला ५३ व्या आठवड्यात जिन्याशी नेले आणि दोनच आठवड्यांच्या सरावात ती पहिलीच्या बरोबरीला आली. हा प्रयोग मी परीक्षेत लिहिला होता. दोन ओळींत, आकृतीसह.

आपल्या मराठी मुलखात हे तत्त्व ज्यांनी प्रत्यक्ष जगून दाखवले त्या ताराबाई मोडक. लग्नानंतर त्या काही काळ आपल्या अमरावतीला होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार, आणि १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून या बायांनी बालवाडी त्यांच्या पाड्यावर, झाडाखाली, अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांनी मोजायला शिकवले. आधी आंघोळ, नखे, खाऊ, गाणी, मग जमेल तेव्हा अक्षरे. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर चालतो, त्याचे मूळ या अंगणांत आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, त्यांत शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील धारणी होते. आपल्या गल्लीतील अंगणवाडीला आपण 'खिचडीची शाळा' म्हणून नाक मुरडतो. तिची इमारत गळकी असेल, पण तिच्यामागचा विचार पुष्कळ इंग्रजी फलकांमागच्या विचारापेक्षा पक्का आहे.

'वेग वेगळा असतो' या तत्त्वाचा गैरवापरही होतो, तो सांगितला पाहिजे. "त्याचे वडीलही उशिरा बोलले होते" असे म्हणून लोक चार-चार वर्षे थांबतात. साधारण वर्षाला पहिला शब्द आणि दोन वर्षांला 'आई दे', 'बाबा गेले' अशी दोन शब्दांची वाक्ये यावीत. सोळा-अठरा महिने उलटूनही एक शब्द नसेल, हाकेला प्रतिसाद नसेल, किंवा येत असलेले बोलणे बंद झाले असेल, तर थांबू नये. सर्वप्रथम कान तपासावे. ऐकू न येणाऱ्या मुलाला हट्टी ठरवून मारलेले मी पाहिले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते, आणि दोष आढळल्यास पुढील उपचारासाठी पाठवले जाते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

भाषेबद्दल एक गोष्ट. मूल जे ऐकते ते बोलते, आणि मोबाइल त्याचे उत्तर ऐकत नाही. काही सुशिक्षित घरांत मुलाशी तोडके इंग्रजी बोलतात आणि आजी वऱ्हाडीत बोलली की तिला गप्प करतात. मोडक्या भाषेत दहा शब्द ऐकण्यापेक्षा आजीच्या वऱ्हाडीत हजार शब्द ऐकलेले मूल शाळेत पुढे जाते. गोष्टी सांगा, हिशेब मोठ्याने करा, चुलीजवळ बसवून कांदे मोजायला लावा. जन्मतः मोठ्या माणसाच्या एक-चतुर्थांश वजनाचा असलेला मेंदू सहाव्या वर्षापर्यंत नऊ-दशांश होतो, म्हणजे पहिलीत नाव घालतो तेव्हा बरेचसे बांधकाम उरकलेले असते.

आमच्या शाखेत उन्हाळ्यात पालक येतात. अकोल्याच्या शिकवणी वर्गांची फी भरायची असते. कोणी मुदत ठेव मोडतो, कोणी सोने गहाण ठेवतो. मुलगा सतरा वर्षांचा असतो. अशा बापाला मी नियमाप्रमाणे फॉर्म देतो, सही कोठे करायची ते दाखवतो. चक्रवाढ व्याज कसे चालते हे मला चांगले ठाऊक आहे. उशिरा भरलेली मोठी रक्कम लवकर भरलेल्या लहान रकमेला गाठू शकत नाही. पण हे त्या वेळी त्याला सांगण्यात काय अर्थ?

हा लेख लिहायला घेतला तेव्हा धाकट्याचे माता व बाल संरक्षण कार्ड कपाटातून शोधून काढले. त्यात बाळाने कितव्या महिन्यात काय करावे आणि आईवडिलांनी त्याच्याशी कसे खेळावे, हे चित्रांसह छापलेले आहे. आमच्या कार्डावर लसीकरणाचे पान तारखांनी आणि सह्यांनी भरलेले होते. चित्रांच्या पानाला घडीसुद्धा पडलेली नव्हती. मुलगा शेजारी येऊन बसला आणि ती चित्रे पाहून म्हणाला, "बाबा, हे सगळं मी केव्हा केलं?" पत्नीला बरेच आठवत होते. मला चालायला लागला तो दिवस तेवढा आठवला, तोही रविवार होता म्हणून.